मधला वेळ

“मग काढलंस काय यातून?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“वेळ,” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. परत जवळ नेला.

“सगळाच?”

“जेवढा फुकट जात होता तेवढा.”

बाईंनी कागद उलटून मागची बाजू बघितली.

मी भिंतीकडच्या बाकावर बसले होते. नंबर माझाच होता, म्हणून मला आत घेतलेलं. बाई आल्या तसे डॉक्टर उभे राहिले, म्हणून मीपण उभी राहिले. बाईंनी हातानंच बस म्हटलं.

ही खोली आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर आहे. इथं आठवणीची तपासणी होते. सुई नाही, मशीन नाही. डॉक्टर शब्द वाचतात. आपण ऐकायचे आणि आठवतील तेवढे सांगायचे. ऐकायला सोपं वाटतं.

डॉक्टरांचं नाव निनाद खैरमोडे. वय तिशीच्या आतलंच असेल. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं भराभर.

मोठ्या बाई म्हणजे डॉक्टर शमीम तांबोळी. रिटायर होऊन काही वर्षं झाली, तरी दर गुरुवारी रिक्षानं येतात. खैरमोडे डॉक्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. म्हणून त्या त्यांना अरेतुरे करतात आणि ते त्यांना मॅडम म्हणतात.

आणि मी कांचन. शिक्षण सातवी.

मी बाळंत झाले आणि मग डोक्यातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली. झटके आले. शुद्धीवर आल्यावर मी म्हणे सारखं विचारायची, मुलगा झाला का मुलगी? मुलगी झाली म्हटलं की हसायची. आणि थोड्या वेळानं परत तेच विचारायची.

मला त्यातलं काहीच आठवत नाही.

घरच्यांना आठवतं.

तेव्हापासून आक्का आमच्याकडे येऊन राहिल्या. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. बाळाचं सगळं त्याच बघायच्या. मी पाजायला घेतलं तरी समोर बसून राहायच्या. मी बरी झाले, घरातलं सगळं करू लागले, तरी बसून राहायच्या.

“दूध चुलीवर विसरलं तर चालतं गं,” त्या म्हणायच्या. “बाळ विसरून चालत नाही.”



आता आक्कांना त्यांच्या घरी लातूरला परत जायचं होतं. घरात बोलणं असं झालेलं, की दवाखान्यात चांगलं सांगितलं तर बाळ माझ्याजवळ. नाही तर आक्कांबरोबर लातूरला. किती दिवस, ते कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, बघ, परत तेच विचारती.

आक्का दाराबाहेर बाळाला घेऊन उभ्या होत्या. दार अर्धं उघडं होतं.

बाई कागद बघतच होत्या.

“पंधरा शब्दांचे बारा केलेस.”

“हो.”

“पाच वेळा वाचायचो, तू तीनदा वाचतोस.”

“पाचव्यांदा वाचेपर्यंत पेशंट रडायला येतो, मॅडम.”

हे खरं होतं. मागच्या खेपेला माझी ती मोठी तपासणी झाली होती. पंधरा शब्द ऐकायचे, सांगायचे. परत ऐकायचे, परत सांगायचे. मग मध्येच दुसरे पंधरा. मग पुन्हा पहिले. बाहेर बाळ रडत होतं आणि माझा ब्लाऊज ओला होत होता. मला शब्द ऐकू यायचेच बंद झाले. मी रडले.

डॉक्टरांनी फाईल मिटली. स्वतः उठून पाणी आणून दिलं. “तुमची काही चूक नाही ताई,” म्हणाले, “चूक या तपासणीची आहे. मी ती छोटी करतोय. पुढच्या वेळी बघा.”

एवढा शिकलेला माणूस माझ्यासाठी तपासणी बदलतोय, याचं मला फार वाटलं होतं. अजून वाटतं.

“आणि मधला अर्धा तास?” बाईंनी विचारलं.

“तोच तर काढला.” डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. “मॅडम, त्या अर्ध्या तासात काही होतच नाही. शब्द सांगून झाले की पेशंट नुसता बसतो. मीही बसतो. मग अर्ध्या तासानं परत तेच विचारायचं, आता किती आठवतात. तोवर बाहेर भांडणं लागलेली असतात.”

“लागतात खरी.”

“वर्षभर मी आकडे काढलेत. ज्याला लगेच आठवतं, त्याला नंतरही आठवतं. ज्याला लगेच आठवत नाही, त्याला नंतरही आठवत नाही. मग दोनदा कशाला विचारायचं?”

“सगळ्यांचं असंच?”

“बहुतेकांचं.”

बाईंनी मान डोलावली. अगदी कौतुकानं.

“बहुतेक लोक घरी असतात, निनाद. दवाखान्यात उरलेले येतात.”

डॉक्टरांचे कान लाल झाले.

“पुण्याच्या परिषदेत हे सगळ्यांना आवडलंय, मॅडम.”

“मलाही आवडलंय.” बाईंनी त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. “फक्त तू भित्रा आहेस. बाराचे नऊ कर.”

“नऊ?”

“हा ‘पाऊस’ काढ. या दिवसांत पाऊस कोण विसरतंय? ‘मामा’ काढ. मामा म्हटलं की बायका माहेरी जाऊन बसतात. आणि ‘देऊळ’ काढ. देऊळ ऐकलं की आज्या हात जोडतात आणि पुढचा शब्द सुटतो.”

बाईंनी तिन्हींवर रेघ मारली. मला हसू आलं. डॉक्टरांनाही आलं, पण त्यांनी ते आवरलं.

“म्हणजे तुम्हाला मान्य आहे?”

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी कागदाची मधोमध घडी घातली. घडीवरून नख फिरवलं. आणि फाडला.

डॉक्टर बघतच राहिले.

वरचा तुकडा, शब्दांचा, बाईंनी त्यांच्या हातात दिला. खालचा तुकडा, जिथं नंतर आठवलेले शब्द लिहायची जागा होती आणि डॉक्टरांनी त्यावर काट मारलेली होती, तो त्यांनी आपल्या पर्समध्ये टाकला. चेन लावली.

“हा मी देईन तेव्हा घ्यायचा.”

“मॅडम...”

“बाहेर सबनीस काकू उभ्या आहेत. मघाशी जिन्यात माझा हात धरून रडल्या. कशासाठी आल्यात त्या?”

डॉक्टरांनी उसासा सोडला. “त्यांचे यजमान, सबनीस काका. पोस्टमास्तर होते. मागच्या महिन्यात मी याच छोट्या तपासणीनं बघितलं त्यांना. बारातले अकरा आले! इतके मला येणार नाहीत. माणूस ठणठणीत आहे. काकूंनाच काळजीची सवय आहे.”

“असेल. काकांना बोलाव. ही कांचन आणि ते, दोघांची आज एकदम घे.”

“एकदम? कशासाठी?”

“वेळ वाचेल,” बाई म्हणाल्या.

शब्द एकेकालाच वाचायचे, म्हणून आधी काका आत गेले. मला बाहेर बसवलं आणि दार लावलं. आतून शब्द ऐकू आले नाहीत, पण हसणं ऐकू आलं. काका बाहेर आले ते मिशीवरून हात फिरवतच.

“एकच सुटला!” ते आम्हा सगळ्यांना म्हणाले. “नवातला एक. बाकीचे आठ पोचते केले. पोस्टातला माणूस आहे, टपाल हरवू देत नाही.”

आक्का कौतुकानं हसल्या. काकू हसल्या नाहीत. उभ्या उभ्याच पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मग मी गेले. दार परत अर्धं उघडंच राहिलं.

“चटई,” डॉक्टर वाचू लागले. “बैल. खिडकी. गूळ. नदी. कंदील. कात्री. टोपी. लिंबू.”

पहिल्या वेळी मला तीन सांगता आले. दुसऱ्या वेळी चार. मी डोळे मिटून ऐकत होते, पण कान दाराकडे होते. आक्का बाळाला थोपटत होत्या. हात जरा जोरात पडतोय असं मला वाटत होतं.

तिसऱ्या वेळी पाच आले. चटई, गूळ, कंदील, कात्री, लिंबू.

पुढं सगळं कोरं.

डॉक्टरांनी आकडा लिहिला. मी डोकं खाली घातलं. त्यांनी आवाज बारीक केला, पण खोली ती केवढीशी.

“मॅडम, पाच. या वयाला हे कमी आहेत. माझ्या हिशेबानं निकाल इथंच लागतो.”

दारातून आक्कांनी ऐकलं. त्यांचं थोपटणं थांबलं.

माझ्या डोळ्यांपुढं लातूरचा स्टँड आला. आक्का गाडीत बसल्यात. बाळाचं टोपरं खिडकीतून दिसतंय...

“लागला नाही अजून,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना आत बोलाव.”

“सगळ्यांना?”

“काका, काकू, या आक्का. आणि पंखा वाढव.”

सगळे आत आले. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून डॉक्टर टेबलाला टेकून उभे राहिले. घड्याळाकडे बघत, पेनची टोपी टकटक करत.

बाई उठल्या. आक्कांपुढं जाऊन त्यांनी हात पसरले. आक्कांनी बाळाला आणखी घट्ट धरलं.

“द्या.”

आक्कांनी दिलं. त्यांना द्यावंच लागलं. बाईंचं बोलणं मऊ होतं, पण त्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

बाईंनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

“पाज.”

मी पदर सारखा केला. डॉक्टर एकदम खिडकीकडं वळले.

“मॅडम, असं कसं?” ते खिडकीलाच बोलल्यासारखं बोलले. “मध्ये लक्ष दुसरीकडं गेलं तर शब्द जातील.”

“जाऊ दे की. घरी काय हिला कुणी गादीवर शांत बसवणार आहे?”

मी बाळाला जवळ घेतलं आणि मनात म्हणायला लागले. चटई, गूळ, कंदील, कात्री, लिंबू. चटई, गूळ, कंदील...

“कांचन.”

“अं?”

“ओठ हलतायत तुझे. पाठ नको करू. लेकीशी बोल.”

मला रडू आलं. ते पाच शब्द सोडले तर माझ्या हातात दुसरं होतं काय? ते धरून ठेवले तर लेक राहणार होती. आणि बाई म्हणत होत्या, सोड.

मी बाईंकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर घाई नव्हती, दयाही नव्हती. दळण टाकून पिठाची वाट बघत बसलेली बाई कशी दिसते, तशा त्या दिसत होत्या.

मी सोडले शब्द.

बाळाशी बोलायला लागले. काय गं, भूक लागली होती का? आत्यानं फार थोपटलं का? बाळ पीत होतं आणि माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरून ओढत होतं. आक्का समोरच होत्या, पण त्यांचं लक्ष काकांकडं गेलं होतं, कारण काका माझ्या बाळाकडं बघून फार गोड हसत होते.

“वा! मुलगी का? नाव काय ठेवलंत?”

“बारसं राहिलंय काका,” मी म्हणाले. “मी दवाखान्यात होते ना.”

“राहू दे, राहू दे. उशिरा आलेलं पत्रसुद्धा वाचतोच की आपण! पण घुगऱ्या चुकवू नका हं.”

आम्ही सगळे हसलो. काकांनी मग त्यांच्या पोस्टातल्या गोष्टी सांगितल्या. एका गावाला दोन दत्तोबा होते, आणि एकाचं लग्नाचं पत्र दुसऱ्याच्या बायकोच्या हातात पडलं. फार छान सांगायचे. आक्का तर डोळे पुसत हसल्या.

मग काका माझ्याकडं वळले.

“वा! मुलगी का? नाव काय ठेवलंत?”

मी म्हणाले, बारसं राहिलंय.

“राहू दे, राहू दे. उशिरा आलेलं पत्रसुद्धा वाचतोच की आपण!”

आक्का हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या.

काकू जमिनीकडं बघत होत्या...

बाई उठून खिडकीतून बाहेर बघून आल्या. कुणाला काही विचारलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. बाळ पिता पिता झोपायला लागलं.

“वा!” काका म्हणाले. “मुलगी का?”

डॉक्टरांच्या पेनची टकटक बंद झाली.

ते खिडकीकडून वळले. काकांकडं बघत राहिले. मग काकूंकडं. मग परत काकांकडं.

“नाव काय ठेवलंत?” काकांनी विचारलं.

“ठेवायचंय अजून,” मी म्हणाले. यापेक्षा जास्त मला बोलवलं नाही. आपणही एकदा असंच विचारत होतो, मुलगा झाला का मुलगी, आणि लोक आपल्याकडं असंच बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

अर्धा तास झाला तशी बाईंनी पर्सची चेन उघडली. फाडलेला खालचा तुकडा काढला आणि डॉक्टरांपुढं धरला.

डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

“काका,” बाई म्हणाल्या, “मघाशी निनादनं तुम्हाला काही शब्द वाचून दाखवले होते. त्यातले आठवतात का काही?”

“शब्द?” काकांनी मिशीवरून हात फिरवला. “कसले शब्द बाई? आम्ही तर आत्ताच आलो.”

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं.

काकांच्या तोंडावरचं हसू थोडं हललं. ते काकूंकडं वळले.

“आपण आत्ताच आलो ना गं?”

काकूंनी मान वर केली.

“हो,” त्या म्हणाल्या. “आत्ताच आलो.”

काका परत बरे दिसायला लागले.

बाई माझ्याकडं वळल्या.

“कांचन.”

“बाई, मी सोडले ते. तुम्ही म्हणालात म्हणून...”

“माहिती आहे. सांग.”

मी बाळाकडं बघितलं. त्याची मूठ अजून माझ्या मंगळसूत्राला होती.

“चटई...”

डॉक्टर लिहायला लागले.

“गूळ. कंदील.”

मग काहीच नाही. मी थांबले. 

“लिंबू. कात्री.”

“अजून?”

“अजून... नाही आठवत.”

“विहीर!” आक्का ओरडल्या. “अगं, विहीर! मी दारातनं ऐकलंय ना. विहीर म्हण!”

या त्याच आक्का, ज्या म्हणायच्या की हिच्याजवळ बाळ ठेवायचं धाडस होत नाही.

“विहीर नव्हती आक्का.”

“होती!”

“नव्हती हो. त्यात विहीर नव्हतीच.” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला आठवलं. “नदी होती.”

आक्कांनी तोंडावर हात ठेवला.

मोठ्या बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते तुकड्याकडं बघत होते. मग दुसरा, वरचा तुकडा त्यांनी त्याच्या शेजारी ठेवला.

“पाच आत गेले होते,” ते म्हणाले. “सहा आले.”

“हं.”

“नदी आक्कांच्या बोलण्यावरून आली. ती धरता येणार नाही.”

“नको धरूस. पाचच धर.”

“पाच आणि पाच.” ते स्वतःशीच म्हणाले. “म्हणजे यांचं काहीच हरवलं नाही. आत कमी गेलं, पण गेलं ते तसंच आहे. आणि इकडं...”

काका त्यांच्याकडं बघून हसत होते. डॉक्टरांनी पुढचं तोंडातच ठेवलं.

“तुझा निकाल लागला होता ना मघाशी?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता रागावतील, नाही तर आकड्यांचं काही बोलतील. मोठी माणसं बोलतात तसं.

पण ते काकूंकडं गेले. खुर्ची नव्हती, म्हणून त्यांच्यासमोर चवड्यांवर बसले. इस्त्रीची पँट चुरगळली.

“काकू, मागच्या महिन्यात मी तुम्हाला म्हणालो होतो, उगाच काळजी करता म्हणून.”

“म्हणाला होतात.”

“मी चुकलो. काकांची तपासणी आपण परत नीट करू. औषधाचं बघू. घरी काय काय करायचं तेही सांगतो. आणि मी आजच परत लिहून देतो, मागचं चुकीचं होतं म्हणून.”

काकूंनी पदराचं टोक सोडलं.

“चुकलात ते जाऊ द्या हो,” त्या म्हणाल्या. “पण मुलगा म्हणतो, आई, बाबा किती छान बोलतात, तुलाच काहीतरी झालंय. तुम्हीही तेच म्हणालात. वर्षभर मीच घरात खोटी ठरत होते.”

“मुलाला घेऊन या. मी सांगतो त्याला.”

“कोण चुकलं?” काकांनी विचारलं.

“मी, काका,” डॉक्टर म्हणाले.

“होतं, होतं. पत्ता चुकतो कधी कधी. पत्र परत येतंच.” काकांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

डॉक्टरांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. मला तो माणूस त्या दिवशी फार मोठा वाटला. मागच्या खेपेला पाणी दिलं होतं त्यापेक्षाही मोठा.

आक्का मात्र माझ्यामागं येऊन उभ्या होत्या. त्यांना राहवेना.

“मग बाई, आमचं कसं? मी उद्या लातूरला निघणार.”

“निघा की.”

“आणि बाळ?”

“बाळाला लातूरला काय काम आहे?”

“अहो, पण हिचं ते डोकं... पाचच शब्द म्हणालात!”

“नवातले पाच घेतले हिनं, कारण कान तुमच्याकडं होते, तुम्ही किती जोरात थोपटता तिकडं. ते तसेच्या तसे परत दिले. वर तुमची विहीर बुजवली.”

 आक्का एकदम फणकारल्या.

“म्हणजे मी काय हौसेनं नेत होते होय? माझ्या गुडघ्यांची काय गत झालीय ते मला माहिती! ही पोर सकाळी उठते ती कोंबड्याच्या आधी. मी बाई झोपेन तरी आता पोटभर.”

असं म्हणून त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली. त्यात लंगोट होते, वाटी-चमचा होता, दुसरं टोपरं होतं. ती पिशवी त्यांनी माझ्या खांद्याला अडकवली. बंद पिळला होता तो सरळ केला. मग उगाच आणखी एकदा सरळ केला.

“तिन्हीसांजेला रडते ती,” त्या म्हणाल्या. “पोटावर पालथी घेतली की थांबते. सांगून ठेवते.”

“हो आक्का.”

“विसरशील?”

“नाही आक्का.”

त्यांनी बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि पटकन दाराबाहेर गेल्या. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, पण मांडीवर बाळ होतं. उठता आलं नाही.

काका आणि काकूही उठले. जाताना काकांनी बाळाकडं बघितलं. वा, म्हणाले. काकूंनी त्यांचा हात धरला, पण ओढून नेलं नाही, पुढचं विचारू दिलं. मीही सांगितलं, नाव अजून ठेवायचंय काका.

बाईंनी पर्स उचलली. बाहेर रांग वाढली होती, कुणीतरी नंबरावरून भांडत होतं.

डॉक्टर टेबलाशी आले. दोन्ही तुकडे त्यांनी एकमेकांना लावून बघितले. मग तसे न लावता, मध्ये हातभर जागा सोडून ठेवले.

“मॅडम.”

बाई दारात थांबल्या.

“नऊ शब्द. तीन वेळा वाचायचे. दुसरे पंधरा शब्द नाहीत. हे बरोबर?”

“बरोबर. चांगलं केलंस.”

“आणि मधला वेळ परत घालायचा.”

“हं.”

“पण त्या वेळात मी करायचं काय?”

“काही नाही.”

“काहीच नाही?” डॉक्टरांनी बाहेरच्या रांगेकडं हात केला. “एवढे लोक असताना पेशंटसमोर नुसतं बसून राहू?”

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बाळ झोपलं होतं...

“विसरू दे त्यांना,” बाई म्हणाल्या.